दमारिसबाईंचा रेडा

दमारिसबाईंचं आणि माझं कधी जमलं नाही, आणि जमावं असं काही कारणही नव्हतं. मी रांतेपाओच्या जनावरांच्या बाजारात रेड्यांची दलाली करतो. बाई पतसंस्थेच्या खिडकीमागे उभा जन्म काढून निवृत्त झाल्या. निवृत्त बाईनं कोंबड्या पाळाव्यात, चर्चमधल्या बायकांच्या गाण्यात सूर लावावा. या बाईंनी चर्चच्या रविवारच्या पत्रकात अर्धं पान मागून घेतलं आणि दर आठवड्याला माझ्या पोटावर पाय द्यायला सुरुवात केली.

त्या पानाचं नाव होतं ‘म्हातारपणाची तजवीज’. पाद्रीबाबांचं प्रवचन लोक दारातून बाहेर पडेपर्यंत विसरायचे, पण बाईंचं पान घडी घालून खिशात ठेवायचे. पगार झाला की आधी स्वतःच्या उतारवयाचं बाजूला काढा, मग पोरांचं, मग पाहुण्यांचं. सगळे पैसे एकाच ठिकाणी अडकवू नका. मुलगा पाठवेल या भरवशावर म्हातारे होऊ नका, त्यालाही मुलं आहेत. आणि शेवटी, कधी सरळ तर कधी आडून, रेडा यायचाच. मयताच्या मानापायी रेड्यावर रेडे कापू नका. त्यासाठी कर्ज तर काढूच नका. रेडा म्हणजे ठेव नव्हे, ठेवीला चारा लागत नाही.

“आणि ठेवीला शिंगं येत नाहीत,” मी चर्चच्या पायरीवर त्यांना ऐकवायचो.

“शिंगं चघळून म्हातारपण निघतं का हो, पोंग सालू?”

“मग तुमचं व्याज शिजवून वाढा बघू एकदा पाहुण्यांना. किती जण हात धुऊन उठतात ते मोजू.”

लोक हसायचे, बाईही हसायच्या. पण पुढच्या रविवारच्या पानात माझ्या बोलण्याचा हिशोब चुकता झालेला असायचा. नाव न घेता.

खोटं कशाला बोलू, बाई चुकीचं सांगत नव्हत्या. आमच्याकडे सरकारी नोकरी लागली की माणूस नेमणुकीचा कागद बँकेत गहाण टाकतो आणि कुणी विचारलं तर सांगतो, “कागद शाळेत घातलाय.” शाळेत घातलेलं पोर लवकर सुटत नाही, तसा तो कागदही सुटत नाही. बाईंच्या थोरल्या भावानं बापाच्या क्रियेसाठी कागद शाळेत घातला. बापाचं नाव मोठं, म्हणून रेडेही तेवढेच पडले. भाऊ निवृत्त झाला तेव्हाही अर्धं पेन्शन बँक खात होती. पुढं त्याची किडनी गेली, मकासरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला पैसे नव्हते. बाईंनी लग्न केलं नव्हतं, घरात भावाशिवाय कुणी नव्हतं, आणि तोही गेला. तेव्हापासून रेडा पाहिला की बाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मला ते कळायचं, म्हणून मी चेष्टा करायचो पण भांडायचो नाही.

आता इंदो ताप्पीचं सांगतो. इंदो म्हणजे आई, आमच्याकडे मोठ्या बाईला सगळेच इंदो म्हणतात, तसं मोठ्या पुरुषाला पोंग. ही आमच्या वाडीच्या टोकाला राहणारी विधवा, सत्तरीला टेकलेली. चार कॉफीची झाडं, उतारावरचं भाताचं एक शेत, आणि एक रेडा. मुलगा ओबेद लांब पापुआत शाळेवर शिक्षक. हाताशी कुणी नाही. रेडा तिनं रेडकापासून वाढवलेला, काळा कुळकुळीत, शिंगं दोन्हीकडे मस्त पसरलेली. ओबेदला ती थोरला म्हणायची आणि रेड्याला धाकटा. धाकट्याला रोज सकाळी ओढ्यावर नेऊन घासायची, दुपारी चारा कापायची. गुडघे दुखायचे, तरी त्याचं काही कमी करायची नाही.

एक दिवस दमारिसबाईंचा निरोप आला की इंदो ताप्पीकडे या, रेड्याची किंमत सांगायची आहे. बाईंनी मला बोलावलं हेच मुळात आक्रीत. मी गेलो. तिघं अंगणात बसलो. धाकटा बाजूला रवंथ करत होता.

“इंदो, दिसतं किती तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

“तुम्ही दोघं बसलायत एवढं दिसतं. कोण कुठलं ते बोलल्यावर कळतं.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“मोतीबिंदू आहे, मकासरला जा म्हणाले. गुडघ्यांचंही काहीतरी बोलले. मी ऐकलं नाही, पैसे लागणार असं वाटलं.”

“आणि दारात हा उभा आहे. शिक्षकाचा वर्षाचा पगार चार पायांवर.”

“तो माझा नाही गं बाई. तो मी पडल्यावरचा आहे.”

तिनं जे सांगितलं ते आम्हाला नवीन नव्हतं, पण तिच्या तोंडून ऐकताना मी मान खाली घातली. आमच्यात माणसाचा श्वास थांबला म्हणजे तो मेला असं होत नाही. तो आजारी असतो. औषध टोचून त्याला जपतात, तो मागच्या खोलीत निजलेला असतो, त्याला सकाळी कॉफी नेतात, जेवणाचं ताट नेतात, कोण आलं गेलं ते सांगतात. त्याच्या क्रियेचा रेडा पडला की मग तो गेला, मग रडायचं, मग पुरायचं. रेडा नसेल तर आजार लांबतो. इंदो ताप्पीची नणंद सहा वर्षं आजारी होती.

“मला सहा वर्षं नको,” ती म्हणाली. “आणि ओबेद कागद शाळेत घालील, मला ठाऊक आहे त्याचा स्वभाव. म्हणून हा धाकटा. मी पडले की यालाच पाडायचा, कुणाचं काही देणं नाही.”

दमारिसबाईंनी पर्समधून पेन काढलं. मला वाटतं त्यांना भाऊ आठवला असेल. त्यांनी सगळं मांडून दाखवलं, सावकाश, आंधळ्या माणसालाही दिसेल असं. रेडा विकायचा, पैसे ठेवीत टाकायचे. आधी डोळे. मग व्याजावर गुडघ्यांची औषधं, थोडं मुद्दल घराच्या पत्र्याला. चाऱ्याचे कष्ट वाचतील ते वेगळेच.

“जिवंत माणसाचे डोळे आधी, इंदो. रेडा किती मोठा होता ते मेल्यावर कोण बघायला येतंय?”

इंदो ताप्पी हसली. मग म्हणाली, “पण रेड्यापुरतं उरेल ना?”

“उरेल,” बाई म्हणाल्या.

मला राहवलं नाही. “बाई, रेडा दर वर्षी महागतोय. तुमचं व्याज त्याच्या मागं धावून धावून दमेल.”

“तुम्ही दलालीपुरतं बोला, पोंग.”

त्या दिवशी मी रेडा विकून दिला, दलाली घेतली. इंदो ताप्पीनं धाकट्याच्या गळ्यातलं दावं सोडताना कपाळ त्याच्या कपाळाला लावलं आणि मग घरात गेली. बाहेर काही आली नाही.

पुढची तीन वर्षं मात्र बाईंच्या मांडणीसारखीच गेली, हे मला कबूल केलं पाहिजे. डोळे झाले. पट्टी निघाल्यावर म्हातारी पहिल्या बाजाराला आली आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, “सालू, तुझं नाक एवढं मोठं आहे हे मला कुणी सांगितलंच नाही.” ओबेदनं फोनवर मुलं दाखवली. धाकट्या नातवाचे कान अगदी आजोबांवर गेलेत हे तिनं वाडीभर सांगितलं. दर रविवारी ती चर्चमध्ये दमारिसबाईंच्या शेजारी बसायची आणि गाण्याचं पुस्तक स्वतः वाचायची. बाईंनी तिच्याबद्दल पानात लिहिलं. ‘आपल्या गावातल्या एका आजींनी’ अशी सुरुवात होती. ते वाचून आणखी दोघांनी रेडे विकले. मीच विकून दिले.

मग म्हातारी ओट्यावरून पडली, खुबा मोडला. दवाखान्यात बरेच दिवस गेले. ठेव मोडावी लागली. ती घरी आली ती काठी धरून, आणि कॉफीच्या तोडणीत एका दुपारी उन्हात घातलेल्या बिया हलवता हलवता बसली ती उठलीच नाही.

म्हणजे आजारी पडली.

ओबेद पापुआहून निघाला. तोपर्यंत मागच्या खोलीत तिला नीट निजवलं होतं. ठेवीत उरलं होतं ते एका डुकराला पुरेल एवढं. आणि रेडा? धाकट्यासारख्या रेड्याचा भाव आता जवळजवळ दुप्पट झाला होता. बाजारात ज्याला त्याला हे माहीत होतं आणि ज्याला त्याला ते बोलायचं होतं. “बाईंना विचारा, आजारी माणसांसाठी काही पान आहे का त्यांच्या पत्रकात!” असं एकानं माझ्यासमोरच म्हटलं. बाई तिथून जात होत्या. त्यांनी ऐकलं, आणि पावलं उचलून पुढं गेल्या.

त्या रोज सकाळी कॉफी घेऊन तिच्याकडे जायच्या. मी त्या वाटेनं जनावरं हाकायचो, मला दिसायच्या. “इंदो, आज कॉफी जरा कडक झालीय. इंदो, पाऊस थांबला. इंदो, ओबेद जहाजात बसला.” असं सगळं सांगायच्या. जे सांगायचं होतं ते नाही. आजारी माणसापाशी वाकडंतिकडं बोलत नाहीत, आणि रडत तर मुळीच नाहीत. रडलं म्हणजे आपणच तिला मारलं.

एकदा पायरीवर बसलेल्या दिसल्या. मी जनावरं थांबवली.

“पानाचं काय झालं, बाई? दोन रविवार त्या जागी गायच्या गाण्यांचे नंबरच छापलेत.”

“काय लिहू? मी तिला उरेल म्हणाले होते.”

“खुबा मोडणार हे तुम्हाला काय ठाऊक?”

“खुब्याचं नाही हो. तिनं मला एकच गोष्ट विचारली होती. डोळ्यांचं नाही, पत्र्याचं नाही, रेड्याचं विचारलं. आणि मी त्याला ‘जे उरेल त्यातून’ म्हणाले. तिच्या दृष्टीनं तेच पहिलं होतं आणि मी ते शेवटी टाकलं. तुम्ही सांगत होतात तर तुम्हालाही गप्प केलं.” मग म्हणाल्या, “मला रडायचंय पोंग, आणि रडता येत नाही.”

मी जनावरं घेऊन गेलो. खरं तर त्या वेळी मला थोडं बरं वाटायला हवं होतं, इतकी वर्षं माझी चेष्टा झाली होती. काही बरं वाटलं नाही.

ओबेद आला. उंच, वाकून चालणारा, आईसारखाच मवाळ. आईला भेटला, तिच्या उशाशी बसून प्रवासाचं सांगितलं, मग बाहेर ओट्यावर आला. तिथं दमारिसबाई, मी आणि वाडीचे मोठे पोंग मासांग बसलो होतो. पोंग मासांग क्रियेचं सगळं बघतात. कुणाच्या घरी कुणाचा रेडा आला आणि तो कधी परत गेला, हे त्यांना आजोबांच्या काळापासूनचं तोंडपाठ.

बाईंनी सुरुवात केली, “ओबेद, मी तुझी गुन्हेगार आहे.”

“असं नका म्हणू, बाई. आईला तीन वर्षं दिसलं. माझी मुलं दिसली. रेडा असता तर नसती दिसली.”

शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोपं गेलं असतं. त्या नुसत्या हातातल्या कपाकडे बघत राहिल्या.

“आता काय करायचं ठरवलंयस?” पोंग मासांगनी विचारलं.

“उद्या बँकेत जातो. कागद शाळेत घालतो. निवृत्त होईपर्यंत सुटेल.”

“नाही!” बाई एवढ्या जोरात म्हणाल्या की कोंबड्या उडाल्या. “एवढं सोडून काहीही कर. तिनं ज्यासाठी एवढी वर्षं चारा कापला, ते हेच टाळायला.”

“मग तिला मागच्या खोलीत ठेवू? आत्याबाईंसारखं?”

मग बाई म्हणाल्या, “रेडा मी देते. माझी ठेव आहे. म्हातारपणाची.”

ओबेदनं मान हलवली. “आणि मी तो कुठं फेडू?”

“फेडायचा नाहीये रे.”

“असं कुठं असतं का बाई? तुम्ही दावं धरून रेडा अंगणात आणलात की तो तुमच्या घराचा, हे सगळ्या गावासमोर पुकारलं जाणार. तुम्ही पडाल तेव्हा माझ्याकडून रेडा यायला हवा. मी नसलो तर माझ्या मुलांकडून. तो कागद शाळेत घातल्यासारखाच झाला की. फरक काय?”

बाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. पण इतके दिवस त्यांनी आकडेच मांडले होते, आणि आकड्यांत दिलेले पैसे दिले की संपतात. आमच्यात दिलेला रेडा संपत नाही. त्यांचा चेहरा पडला. केलेली चूक निस्तरायला निघावं आणि तीही वाट बंद असावी, तसं झालं.

पोंग मासांग पान चघळत होते. थुंकून म्हणाले, “लेकीचा रेडा फेडायचा नसतो.”

“तिला लेक कुठंय?” मी म्हणालो.

“मग करून घेऊ दे की तिला. आजारी आहे ती, गेलेली नाहीये.”

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. म्हातारा अगदी शांत. डुक्कर कापून, घरच्यांच्या समोर लेक मानून घेण्याची रीत आमच्यात आहे. पण बासष्ट वर्षांची लेक, आणि आई आजारी अशी! मला हसू आवरेना. बाईंना हसू आलं नाही.

“चालेल का तसं?” त्यांनी विचारलं.

“चालतं की नाही ते ताप्पी ठरवील. पण एक आहे दमारिस. लेकीनं रेडा पाडला की लेकीला वाटा येतो. उताराचं शेत अर्धं तुझं.”

“मला शेत नको.”

“मग तू लेक नाहीस, पाहुणी आहेस. पाहुणीचा रेडा फेडावा लागतो. रेडा हवा आणि शेत नको, असं होत नाही.”

मी बाईंना बाजूला घेतलं. मला त्यांची काळजी वाटली, हे मला स्वतःलाच नवल होतं. “बाई, लोक काय म्हणतील कळतंय ना? पतसंस्थेच्या बाईनं आधी म्हातारीचा रेडा विकायला लावला आणि आता शेत घेतलं. तुम्ही कुणाच्या पैशाला कधी शिवला नाहीत. सगळं नाव जाईल.”

“जाऊ दे. अगदीच खोटं थोडंच बोलतील ते?”

“ओबेदला काय वाटेल?”

ओबेद ऐकत होता. तो म्हणाला, “मला बहीण नव्हती. आईनं दोन लेकी तान्ह्या असतानाच गमावल्या. शेत कुणीतरी कसायला हवंच, मी पापुआत.” आणि मग थोडं लाजत म्हणाला, “पण बाई, तुमच्या म्हातारपणाचं काय? ते पैसे गेल्यावर?”

बाईंनी पोंग मासांगना विचारलं, “डुक्कर कधी आणायचं?”

डुक्कर आणलं. वाडीतले जमले. पोंग मासांग मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले, बाईंना पुढं केलं आणि नेहमीच्या आवाजात, शेजारणीला विचारावं तसं विचारलं, “ताप्पी, ही दमारिस. हिला लेक म्हणून घेतेस का? नको असेल तर आत्ता सांग, नंतर तक्रार नको.”

अंगणात कुणाचं तरी मूल खोकलं. पोंग मासांगनी चांगला वेळ दिला. घाई केली नाही.

“नाही म्हणाली नाही,” ते म्हणाले. “झालं.”

बायका हसल्या, कुणीतरी डोळे पुसले. दमारिसबाई आत गेल्या आणि उशाशी बसल्या. तेवढ्यात बाहेर कुजबूज सुरू झालीच. “आधी रेडा खाल्ला, आता शेत.” ते वाक्य मी त्या महिन्यात इतक्यांच्या तोंडून ऐकलं की शेवटी एकाला बाजारात ढकलून दिलं.

ठेव मोडायला बाई स्वतः त्या खिडकीपाशी गेल्या जिच्यामागे त्यांनी जन्म काढला होता. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज बुडालं. हे लोकांना त्यांनीच शंभरदा बजावलं होतं. रेडा माझ्याकडून घेतला. धाकट्याएवढाच, शिंगं तशीच पसरलेली हवीत म्हणाल्या, मी तसा शोधला. दलाली निम्मी घेतली. पूर्ण सोडली असती तर त्यांना अपमान वाटला असता आणि मलाही परवडलं नसतं.

क्रियेच्या दिवशी त्या काळ्या कपड्यांत ओबेदच्या शेजारी उभ्या होत्या. पोंग मासांगनी पुकारलं, “लेकाकडून डुकरं. लेकीकडून रेडा.” गर्दीत माना वळल्या. बाईंनी मान खाली घातली नाही. दावं त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी पुढं दिलं.

रेडा पडला. आमच्या इंदो ताप्पी तेव्हा गेल्या.

आणि दमारिसबाई रडायला लागल्या. आमच्याकडे बायका अशा वेळी सुरात रडतात, गेलेल्याचे गुण गातात. यांना सूर सापडेना. त्या शवपेटीवर दोन्ही हात ठेवून पुनःपुन्हा एकच म्हणत होत्या, “इंदो, मी उरेल म्हणाले होते. नाही उरलं, इंदो. नाही उरलं.” पाचसहाशे माणसांसमोर. ओबेद त्यांचा दंड धरून उभा होता. मी खांबाआड गेलो.

ओबेद पापुआला परत गेला. निघताना बहिणीच्या पाया पडला. पत्रकात बाईंचं पान पुन्हा सुरू झालं, पण नुसतं औषधांच्या सवलतीचं आणि पेन्शनच्या तारखांचं. रेड्याचं नाव नाही, चेष्टा नाही. लोक ते घडी घालून ठेवीनासे झाले. शेतावर मात्र त्या रोज दिसायच्या, रबरी बूट घालून. लावणी त्यांना जमेना, पण शिकल्या.

भाताची कापणी झाल्यावर एका बाजाराला त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

“पोंग, नर रेडकू दाखवा एखादं. काळं. शिंगं पसरतील असं.”

“कुणासाठी?”

“माझ्यासाठी.”

मला वाटलं चेष्टा करतायत. चेहरा बघितला तर नाही.

“मी पडले की ओबेद येणार,” त्या म्हणाल्या. “आता भाऊ आहे तो. येणारच. आणि मोकळ्या हातानं येणार नाही, कागद शाळेत घालून येणार. त्याच्यावर ती वेळ नको.”

“आणि ठेवीला चारा लागत नाही त्याचं काय?”

“चारा मी कापीन. शेत आहे ना आता.”

मी तीन रेडकं पुढं केली. त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवला, शिंगांच्या जागी बोटांनी चाचपलं. अगदी जवळ वाकून, डोळे बारीक करून. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“बाई, डोळ्यांना काय झालंय?”

“काही नाही. उजव्यात जरा धूसर दिसतं.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“दाखवलं. मकासरला जा म्हणतात. बघू पुढं.” त्यांनी रुमालाच्या गाठीतून पैसे काढले. कापणीचे होते, दुसरे कुठून असणार. “हे किती?”

मला राग आला. एवढा की बाजूचे दलाल वळून बघायला लागले. “रेडकू राहू दे! आधी मकासरला जा. जिवंत माणसाचे डोळे आधी, असं कोण म्हणालं होतं? तुम्हीच ना?”

बाईंनी पैसे माझ्या हातात ठेवले आणि मूठ मिटवली.

“तुम्ही दलालीपुरतं बोला, पोंग,” त्या म्हणाल्या. पण या वेळी त्यांचा आवाज फार मऊ होता.

मी दावं त्यांच्या हातात दिलं. रेडकाला घेऊन त्या फाटकाकडे निघाल्या, तिथला दगड त्यांना दिसला नाही, अडखळल्या, सावरल्या, आणि रेडकाच्या पाठीवर हात ठेवून पुढं चालू लागल्या.